वचनाच्या मागचं-पुढचं

नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळीत मी बरीच वर्षं शब्बाथ शाळा चालवली. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून गुरुवारचा शास्त्राभ्यास घेते. दोन्हीकडे एक प्रश्न सतत येतो. लग्न होऊन पुण्याला गेलेली मुलगी फोनवर विचारते, उपासना सुटल्यावर एखाद्या आजी हात धरून विचारतात, “बाई, हे सांगतात ते खरं का हो?” ‘हे’ म्हणजे कधी यूट्यूबवरचा उपदेश असतो, कधी मैदानावरची चंगाई सभा, कधी व्हॉट्सॲपवर आलेली भविष्यवाणी. तोंडी देत आले ती उत्तरं इथं लिहून काढते आहे. सगळी सारख्या वजनाची नाहीत. वेळ कमी असेल त्यांनी निदान तिसरं वाचावं.

१. वचन एकटं उचलू नका, अख्खा अध्याय वाचा

यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन आपल्याकडे घरोघरी भिंतीवर असतं. देवाच्या मनात आपल्या लोकांविषयी जे आहे ते हिताचं आहे, त्यांना पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. नोकरीच्या मुलाखतीला जाताना ते म्हणतात, नव्या दुकानात फ्रेम करून लावतात. सभांमधून तर त्याच वचनावर “या वर्षी तुझी परिस्थिती पालटणार” अशी घोषणा होते. वचन खरं आहे, मलाही ते फार प्रिय आहे. पण त्याच्या लगेच आधी काय लिहिलंय ते फारसं कुणी वाचत नाही. तिथं ७० वर्षांचा आकडा आहे.

हे एक पत्र आहे. यरुशलेमेहून बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं ते लिहिलं. घरं बांधून राहा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण सुटका होणार आहे पण लवकर नाही. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती. आशा त्यांच्यासाठीही होती, पण ती नातवंडांच्या हातात पडायची होती.

आता एक अध्याय मागे या. २८व्यात हनन्या भेटतो. तोही मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर, परमेश्वराच्याच नावानं बोलतो आणि सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, मंदिरातली पात्रं येतील, माणसं येतील. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन उभा होता. हनन्यानं ते काढून मोडून टाकलं. तिथल्या गर्दीला काय वाटलं असेल ते ओळखणं अवघड नाही.

यिर्मयाचं वागणं मी मुलांना पुन्हा पुन्हा दाखवते. तो चिडला नाही. आधी आमेन म्हणाला, परमेश्वर खरोखर असंच करो म्हणाला. त्यालाही तेच हवं होतं. मग त्यानं एवढंच सांगितलं की शांतीचा संदेश देणाऱ्याची ओळख तो संदेश प्रत्यक्षात उतरल्यावर पटते. आणि तो निघून गेला. खरं उत्तर त्याला नंतर मिळालं, तेव्हाच तो परत येऊन बोलला.

हनन्याचं ऐकून लोकांचं काय झालं असतं याचा विचार करा. दोन वर्षांत परत जायचंय म्हटल्यावर घर कोण बांधेल? झाड कोण लावेल? मुलीचं लग्न परक्या गावात कोण ठरवेल? बांधलेली गाठोडी उशाशी ठेवून माणसं नुसती बसून राहिली असती. गोड बोलण्यानं दोन घटका बरं वाटतं आणि आयुष्य अडून राहतं. म्हणून गुरुवारी आमचा साधा नियम आहे. कुणी एखादं वचन पुढे केलं, की त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं कुणीतरी मोठ्यानं वाचायची. चर्चा त्यानंतर.

२. खोट्या शिकवणीतले शब्द बहुतेक खरेच असतात

अरण्यात सैतानानं येशूला मोहात घातलं तेव्हा त्याच्या तोंडी ९१वं स्तोत्र होतं. त्यामुळे “ते बायबलमधूनच बोलतात” हे कुणाच्या खरेपणाचं प्रमाण धरू नका.

इ.स. १८०च्या सुमारास ल्योंचे बिशप इरेनियस यांनी पाखंडमतांविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला, त्यात एक दाखला आहे. कारागिरानं मौल्यवान खड्यांतून राजाचं चित्र घडवलं. दुसऱ्या कुणीतरी तेच खडे उचकटले, वेगळ्या रीतीनं मांडून कोल्हा बनवला आणि हाच राजा म्हणून दाखवायला सुरुवात केली. खडे अस्सलच होते. ज्यानं राजाला कधी पाहिलं नाही, तोच फसेल. आपल्या मुलांना सुटी वचनं पाठ असतात, बक्षिसंही मिळतात, पण एखादं शुभवर्तमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचलेलं नसतं. मार्क दीड-दोन तासांत वाचून होतो. तो सगळ्या घरानं मिळून वाचावा.

३. दुखऱ्या घरी कोण जातं, ते पाहा

आमच्या मंडळीतली एक मुलगी आठवीत होती. लहानपणापासून मधुमेह, रोज इन्सुलिनची इंजेक्शनं. वडील ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. आई रात्री अडीच-तीनला उठून मुलीच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासायची. एका पट्टीला पैसे पडतात, म्हणून कधी एखादी रात्र सोडायची आणि मग जागीच राहायची.

तालुक्याच्या गावी सभा झाल्या. बाहेरून आलेल्या प्रचारकानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आईला तेलाची छोटी बाटली दिली आणि सांगितलं, “चंगाई झाली आहे. आता सुई टोचलीत तर तुमचा विश्वास नाही असं होईल.” आईनं सुई बंद केली. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या खणाशेजारी ठेवलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या बाजूला सारल्या. फेकल्या नाहीत. त्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

तिसऱ्या दिवशी मुलीला उलट्या सुरू झाल्या. शेजारणीनं मला बोलावलं. मी गेले तेव्हा मुलगी भिंतीला टेकून बसली होती, धाप लागल्यासारखा खोल खोल श्वास घेत होती आणि तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. मंडळीतली एक परिचारिका सोबत होती. वास येताच तिनं आईशी एक शब्दही वाद घातला नाही. “बहिणी, आधी गाडी,” एवढंच म्हणाली. पाळकसाहेबांनी गाडी काढली. दवाखान्यात सलाईन आणि इन्सुलिन चालू झालं. मुलगी वाचली. आज ती कॉलेजात आहे.

सगळे त्या आईला विचारत होते, असं ऐकलंस तरी कसं? मला ते विचारणं बरोबर वाटलं नाही. तिचं शास्त्र कच्चं नव्हतं. तिला वचनं माझ्याइतकीच ठाऊक होती. ती कित्येक वर्षं धड झोपलेली नव्हती. एक माणूस आला, त्यानं मुलीला नावानं हाक मारली, दोघींच्या शेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, संपलं आता हे. त्या क्षणी ती कुठलं तत्त्वज्ञान तपासत नव्हती. तिला फक्त ते ओझं खाली ठेवायचं होतं.

त्यानंतर महिला मंडळानं तपासणीच्या पट्ट्यांचा खर्च उचलला. आठवड्यातल्या ठरावीक रात्री परिचारिका त्या घरी झोपायला जायची, म्हणजे आईला सलग झोप मिळे. पुढच्या वर्षी त्याच सभा पुन्हा लागल्या, पत्रकं वाटली गेली. ती गेली नाही. आम्ही तिला जाऊ नको म्हणालो नव्हतो.

खोट्या शिकवणीविरुद्ध व्यासपीठावरून बोलावं लागतं, मीही बोलते. पण ती शिरते बहुतेक अशाच घरांतून. कर्जात बुडालेलं घर, मूल न झालेलं जोडपं, दारूपायी मोडलेला संसार, परीक्षेत पुन्हा नापास झालेला मुलगा. अशा घरांची यादी प्रत्येक वडीलमंडळाकडे असावी. आणि त्या घरी जाताना हातात फक्त बायबल नसावं.

४. चंगाईसाठी प्रार्थना करा, औषध चालू ठेवा

प्रार्थनेनं देव बरं करतो असा माझा विश्वास आहे. आजाऱ्यानं वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं याकोबानं लिहिलंय आणि आमच्या मंडळीत ते होतं. पण त्याच नव्या करारात पौल तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. सोबती त्रफिमाला तो मिलेतात आजारी सोडून पुढे जातो. स्वतःच्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी करतो, आणि काटा जात नाही. लूक वैद्य होता. या चौघांतल्या कुणाच्या विश्वासात खोट होती, असं सांगणारा उपदेशक मला अजून भेटलेला नाही, आणि आजाऱ्याच्या विश्वासात खोट काढणारे मात्र पुष्कळ भेटले.

आपल्याच भागातलं पाहा. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया तिथं एका छपराखाली चालत. मराठी ख्रिस्ती घरांतून पिढ्यानपिढ्या परिचारिका तयार झाल्या त्या या परंपरेतून. औषधाला अविश्वास ठरवणारी शिकवण आपल्या वाडवडिलांची नव्हे.

५. पैशांबद्दल संकोच न करता विचारा

नामान कोडातून बरा झाला तेव्हा त्यानं देऊ केलेलं काहीही अलीशानं घेतलं नाही. गेहजी मात्र मागून धावत गेला, खोटं सांगून चांदी आणि कपडे घेऊन आला, आणि नामानाचं कोड त्याला लागलं. देवाची कृपा विकायची नसते हे इतक्या कठोरपणे सांगणारी दुसरी गोष्ट जुन्या करारात मला माहीत नाही.

पहिल्या मंडळ्यांना हा प्रश्न फार लवकर भेडसावला. ‘दिदाखे’ नावाचं एक छोटं पुस्तक आहे, प्रेषितांच्या काळानंतर थोड्याच वर्षांत लिहिलेलं. त्यात फिरत्या उपदेशकांबद्दल अगदी व्यवहारी सूचना आहेत. त्याचं स्वागत करा, एक दिवस ठेवून घ्या, गरज असेल तर दोन. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघताना भाकरी द्या, पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्यात बोलतोय असं सांगून मला पैसे द्या म्हणणाऱ्याचं ऐकू नका, दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नका. कुणालाही समजेल असा नियम आहे, आणि आज मोबाईलवर क्यूआर कोड दाखवून “बी पेरा, शंभरपट घ्या” म्हणणाऱ्यालाही तो तसाच लागू पडतो.

दुसरी घटना रोमची. मार्सियन नावाचा श्रीमंत जहाजमालक तिथल्या मंडळीत आला, त्यानं दोन लाख सेस्टर्स दान दिलं. पुढे तो शिकवू लागला की जुन्या करारातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. जुना करार त्यानं टाकून दिला, लूकाचं शुभवर्तमान कापून-छाटून ठेवलं. १४४ मध्ये रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं आणि त्याचे पैसे त्याला परत केले. मंडळी तेव्हा गरीब होती, छळाच्या सावटाखाली होती. तरी पैसे परत केले. हा प्रसंग प्रत्येक मंडळीच्या खजिनदाराला ठाऊक असावा असं मला मनापासून वाटतं.

दानाला माझा विरोध नाही. आम्ही दशांश देतो. पण पौल यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना एकटा गेला नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. जिथं हिशेब वार्षिक सभेत वाचून दाखवत नाहीत, जिथं पावती मागितली की चेहरे बदलतात, तिथं शिकवण तपासायच्या आधीच सावध व्हा.

६. तारीख सांगणाऱ्यापासून दूर राहा

तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, पित्यालाच आहे, असं प्रभूनं स्वतः सांगितलं. तरी अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. कित्येकांनी शेतातलं पीक तसंच उभं ठेवलं. २०११ मध्ये हॅरल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून २१ मे जाहीर केली, ती टळल्यावर २१ ऑक्टोबर. लोकांनी आयुष्याची पुंजी जाहिरातींवर घातली. २०१२ मध्ये कॅम्पिंग यांनी आपण चुकलो, असं करणं पाप होतं, हे लिहून मान्य केलं. ते चांगलं केलं. पुंजी मात्र परत आली नाही. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

७. प्रश्न विचारणाऱ्याला कसं वागवतात ते पाहा

बिरुयातले लोक खुद्द पौलाचा उपदेश ऐकून घरी जात आणि तो सांगतो तसं शास्त्रात आहे का, हे रोज तपासत. लूकानं त्यांना थोर मनाचे म्हटलंय. पौलाला राग आल्याची नोंद नाही.

आणि आज “अभिषिक्ताला हात लावू नका” एवढं एक वाक्य फेकून प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद केलं जातं. मागचं-पुढचं इथंही वाचा. दाविदानं शौलाला मारलं नाही, पण त्याची चूक त्याच्या तोंडावर सांगितली. पुढे दाविद स्वतः अभिषिक्त राजा झाला, तेव्हा नाथानानं त्याच्याकडे बोट दाखवून त्याचं पाप त्याच्या पदरात घातलं. अंत्युखियात पौलानं पेत्राला सगळ्यांदेखत अडवलं. अभिषेक म्हणजे प्रश्नांपासून संरक्षण, असं पवित्र शास्त्रात कुठंच नाही.

या बाबतीत मी आपल्या मुलींना पंडिता रमाबाईंविषयी सांगते. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याच संस्थेतल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पुढे दीर्घ पत्रव्यवहार झाला. रमाबाई त्र्यैक्याबद्दल विचारत होत्या, चर्चच्या अधिकाराबद्दल विचारत होत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, इथपर्यंत विचारत होत्या. एका पुरोहितशाहीचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं, ते दुसरं मानेवर घ्यायला नव्हे, असा त्यांचा रोख होता. त्यांना हट्टी म्हटलं गेलं, गर्विष्ठ म्हटलं गेलं. पण प्रश्नांनी त्या ख्रिस्तापासून दूर गेल्या नाहीत. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये छापून आलं. सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणाऱ्या बाईनं शास्त्रावर सगळ्यांत जास्त कष्ट घेतले. प्रश्न म्हणजे अविश्वास, असं कुणी मुलीला सांगितलं, तर तिनं केडगावला जाऊन यावं.

८. “घरी सांगू नका” म्हणणाऱ्या अभ्यासाला जाऊ नका

पुण्या-मुंबईत शिकायला गेलेल्या मुलांना कॉलेजच्या बाहेर किंवा मॉलमध्ये कुणीतरी अगदी गोड बोलून गाठतं. मोफत बायबल अभ्यास, जेवण, मैत्री. मंडळीचं नाव विचारलं तर टाळतात. काही आठवड्यांनी सांगतात की आईवडिलांना, जुन्या पाळकांना इतक्यात बोलू नका, त्यांना समजणार नाही. पुढे कळतं की तिथं कुणी एक जिवंत माणूस नवा तारणारा मानला जातो, किंवा येशूच्या कामात काहीतरी उणं राहिलं होतं ते आता पुरं होतंय असं शिकवतात. योहानानं आपल्या पहिल्या पत्रात पारखायची हीच जागा दाखवलीय: येशूविषयी काय म्हणतात? ३२५ मध्ये निकिया इथं बिशप जमले तेही याच प्रश्नासाठी.

हा प्रकार किती दूर जातो, हे गयानातल्या जोन्सटाउननं १८ नोव्हेंबर १९७८ रोजी दाखवलं. ९००हून जास्त माणसं गेली, त्यांत लहान मुलं शेकड्यांनी. केनियात शाकाहोलाच्या जंगलात २०२३ मध्ये उपाशी मरायला लावलेल्यांची प्रेतं शेकड्यांनी निघाली. दोन्ही ठिकाणी माणसांना आधी नातेवाइकांपासून तोडून दूर नेलं होतं. खरी शिकवण आईसमोर सांगायला घाबरत नाही.

९. अनोळखी म्हणजे खोटं नव्हे, आणि चुकणारा म्हणजे शत्रू नव्हे

पारख करायची सवय लागली की माणसाला सगळीकडे पाखंड दिसायला लागतं. टाळ्या वाजवल्या म्हणून, हात वर केले म्हणून, रडून प्रार्थना केली म्हणून कुणी खोटा ठरत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तन केलं. त्या चाली मिशनऱ्यांच्या देशातल्या नव्हत्या. चाल वेगळी आणि शिकवण वेगळी, हे दोन कप्पे मनात स्पष्ट ठेवायला हवेत.

आणि चूक सांगायची रीत असते. इफिसात अपुल्लो मोठ्या आवेशानं बोलत होता, पण त्याचं ज्ञान अपुरं होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला सभेत अडवलं नाही. आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. पुढे हाच अपुल्लो करिंथच्या मंडळीचा आधार झाला.

आमच्याकडे एक तरुण उपदेशक आहे, मनापासून काम करणारा. आजार म्हणजे पापाचं फळ, असं तो ठासून सांगायचा. मधुमेह असलेली ती मुलगी बाकावर बसलेली असताना त्यानं तेच सांगितलं. पाळकसाहेबांनी त्याला घरी जेवायला बोलावलं, मलाही बोलावलं. जेवणानंतर आम्ही योहानाचा ९वा अध्याय उघडला, जन्मापासून आंधळ्या माणसाचा. यानं पाप केलं की याच्या आईबापांनी, हा शिष्यांचा प्रश्न त्यानं स्वतःच वाचला, प्रभूचं उत्तरही त्यानंच वाचलं. त्या दिवशी तो फार बोलला नाही. नंतर बरेचदा आला, वाद घातला, काही पटलं, काही अजून पटलेलं नाही. दशांशाबद्दल आमचे मतभेद तसेच आहेत. पण आता उपदेशाची टिपणं तो शनिवारी पाळकसाहेबांना दाखवतो, आणि गेल्या उपासनेनंतर त्या मुलीच्या आईजवळ जाऊन त्यानं विचारलं, रात्रीच्या पाळीत मीही येऊ शकतो का.